आधी म्हस, मग माणसं

तालुक्याहून आलेल्या मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांना गावात कुणी आधी सांगितलं नव्हतं, की आमच्याकडं बैठक बोलावली की माणसं चहा प्यायला येतात आणि जुनं भांडण उकरून जातात. त्या बिचाऱ्या माइक घेऊन म्हणाल्या, पुराचा आराखडा आता ऑफिसात बसून करायचा नाही, गावानंच करायचा, लोकसहभागातून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यात टाळ्या फुकट असतात. मी बचत गटाची अध्यक्ष, म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. गावात बाईला पुढं बसवलं की समजायचं, फोटो निघणार आहे.

मी मूळची कोडोलीची. तिकडं पूर म्हणजे टीव्हीवर बघायची गोष्ट. शिरोळ तालुक्यातलं स्थळ आलं तेव्हा आमच्या घरच्यांनी ऊस बघितला, ट्रॅक्टर बघितला, पोरगा निर्व्यसनी आहे का ते चार ठिकाणी विचारलं. कृष्णामाई पावसाळ्यात चुलीपर्यंत येते का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मागच्या मोठ्या पुरात माझ्या सासऱ्यांनी म्हस जिन्यावरून स्लॅबवर चढवली आणि तिच्यापाशी ठाण मांडून बसले. होडी दारात आली. ते म्हणाले, म्हस घेता का? होडीवाला म्हणाला, आजोबा, माणसं बुडायची वेळ आली. मग जावा म्हणाले. सासरे थांबले म्हशीसाठी, माझा नवरा थांबला बापासाठी, आणि मी पोरांना घेऊन माळावरच्या कॉलेजातल्या कॅम्पात. फोन बंद. होडी आली की धावत जायचं, उतरणाऱ्यांची तोंडं बघायची आणि परत येऊन बसायचं. दोघं जिवंत निघाले खरे, पण नवरा छातीत कफ भरून महिनाभर अंथरुणाला खिळला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी आधी दोघं घरात आहेत का ते बघते. म्हशीवर माझा राग नाही, ती मुकी. सासऱ्यांवर आहे, आणि तो मी लपवतही नाही.

तर आराखडा. मॅडमनी शाळेच्या मैदानावर रांगोळीनं गावचा नकाशा काढायला लावला. नदी निळी, रस्ते पांढरे, घरं पिवळी. कल्पना झकास. पण एकानं नदी काढताना ती चुलतभावाच्या घरावरनं नेली आणि तिथं अर्धा तास गेला. एकानं भावकीतली वाट पुसून टाकली, कोर्टात केस चालू आहे म्हणून. देऊळ कुठल्या तोंडाला आहे यावरनं पुजारी रुसला. बायकांनी मात्र कुठल्या बोळात पाणी आधी शिरतं ते बरोबर दाखवलं, कारण चिखल काढायला बोळात त्याच असतात. संध्याकाळी कुणाचं तरी रेडकू सुटून नकाशावरनं गेलं आणि नदीसकट गाव एक झालं.

मग ठरली रंगीत तालीम. भोंगा वाजला की सगळ्या गावानं वरच्या बाजूच्या शाळेत जमायचं, असं घरोघरी सांगितलं. बुडणाऱ्याचं काम कुणी करायचं यावरनं दोन मंडळांत जुंपली, शेवटी दोघांचा एकेक बुडवायचा ठरला. नदीकाठी मांडव पडला, होड्यांना हार घातले. आणि कोल्हापूर जिल्ह्यात सत्कार झाल्याबिगर पूरसुद्धा येत नाही, त्यामुळं फेटे आले, शाली आल्या, नारळ आले. प्रत्येक पाहुण्याचा सत्कार, मग सत्काराला उत्तर. दुपारची वेळ दिली होती, ऊन कलायला लागलं तरी भाषणं सुरूच. अखेर मॅडमनी स्वतःच उठून भोंगा वाजवला.

सगळा गाव उठला आणि पळत सुटला. उलट्या दिशेनं.

शाळेत पोचलो आम्ही मोजकेच, मी, मॅडम, आणि फेटे बांधलेले पाहुणे. बुडालेले दोघं पाण्यातनं हात हलवून दमले आणि आपापले बाहेर आले. मॅडम माइकवरून ओरडत होत्या, अहो इकडं, इकडं. कोण ऐकतंय? धारा काढायची वेळ झाली होती. भोंगा ऐकल्यावर लोकांना एकदम घड्याळ आठवलं आणि जो तो गोठ्याकडं पळाला. थोड्या वेळानं अख्खा गाव किटल्या घेऊन डेअरीच्या रांगेत शिस्तीत उभा. मॅडम तिथं गेल्या. एका म्हाताऱ्यानं त्यांना समजावून सांगितलं, "भोंगा तुमचा, पर येळ म्हशीची हाय."

मी हसून हसून बेजार झाले. मग घरी आले, सासरे म्हशीच्या पाठीवर हात फिरवत बसलेले दिसले, आणि हसू विरलं. खरा भोंगा वाजेल तेव्हाही हे असंच पळणार, आणि यांच्यामागं माझा नवरा.

मॅडम पोरगी गुणाची. दुसरी असती तर गाव अडाणी म्हणून निघून गेली असती. ही माझ्या सोप्यात येऊन बसली, चहा घेतला आणि विचारलं, काकी, काय चुकलं? मी म्हटलं, तुम्ही माणसं हलवायला बघताय. म्हस हलवा. म्हस जिथं जाईल तिथं माणूस सांजसकाळ धारंला जाणार, त्याला होडी नको, भोंगा नको. ग्रामसभेत तसा ठराव झाला. पाणी पुलाच्या खालच्या खुणेला लागलं की, मालकाची संमती घेऊन, जनावरं आधी माळावरच्या कॉलेजच्या मैदानात न्यायची. एकमतानं मंजूर. अनुमोदन कुणी दिलं? माझ्या सासऱ्यांनी. उभं राहून, छाती काढून.

पावसानं यंदा पुन्हा जोर धरला. नदी पात्र सोडून उसात शिरली, खुणेला लागली, आणि खुणेच्या वर गेली. बचत गटाच्या आम्ही बायका दारोदार फिरलो. ठराव आठवतोय ना? व्हय की, आठवतोय. मग सोडा जनावरं. बघू की, अजून हाय टाईम. शेजारचा सोडंल तर सोडतो. शेजारी म्हणायचा, आधी त्याला सोडू दे. एकमतानं मंजूर केलेला ठराव एकमतानं दावणीला बांधलेला. डोकं फिरलं माझं.

घरी आले. म्हटलं, मामा, तुम्ही तरी सोडा, तुमचं बघून चार जण सोडतील. ते म्हणाले, ठराव गावासाठी असतोय, घरासाठी न्हाय. शिवाय म्हस नव्या जागी पान्हा चोरती. मी नवऱ्याकडं बघितलं. हे खाली बघत म्हणाले, आबांना एकटं कसं सोडायचं. बोलून बोलून माझी जीभ झिजली होती.

दुपारची जेवणं झाल्यावर बापलेक छत्री घेऊन पुलावर पाणी बघायला गेले. पाणी दारात येणार असलं तरी ते पुलावर जाऊन बघायचं असतं, त्याशिवाय आमच्या पुरुषांना पटत नाही. मी लगेच ओळखीच्या छोटा हत्ती टेम्पोवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मालकाला विचारलंय का? मी म्हटलं, तू गाडी आण.

म्हस काही मला दाद देईना. चार पाय रोवून उभी, सासऱ्यांचीच शिकवण. शेवटी मी त्यांचं घोंगडं अंगावर घेतलं, डोक्याला त्यांचा टॉवेल गुंडाळला आणि पेंडीच्या आंबोणाची बादली वाजवत, त्यांच्यासारखा घोगरा आवाज काढून, चल गं बाय म्हणाले. तिनं हुंगलं, थोडा संशय घेतला आणि चढली. गावातनं जाताना बायका दारात आल्या. एकीनं विचारलं, सासरं हो म्हणालं? मी घोंगड्यातनंच म्हटलं, मीच सासरा.

माळावर पोचून म्हस बांधते न बांधते तोच दोघं मोटारसायकलवरून हजर, गुडघ्यापर्यंत चिंब. सासरे उतरले ते तडक माझ्यासमोर. मैदानात तालुक्याची माणसं होती, मॅडम होत्या, चार गावांची माणसं होती. सगळ्यांदेखत म्हणाले,

"कुनाला इचारून आनलीस?"

माझंही ओठांवर आलंच होतं. "गेल्या खेपंला तुमी कुनाला इचारून थांबला व्हतासा, मामा? मी हितं रोज तुमचं मढं येतंय का म्हणून होडीकडं बघत बसलो हुतो. तुमचं आणि ह्यांचं."

रडूच फुटलं, सगळ्यांसमोर. नवरा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. सासरे माझ्याकडं बघत राहिले. अंगावर त्यांचंच घोंगडं होतं, ते मी काढून द्यायला गेले तर त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं. मग वळले, म्हशीचं दावं बघितलं, गाठ ढिली होती ती आवळली, आणि धारंला बसले. म्हशीनं पान्हा सोडला. चरवी निम्मी झाली तशी मॅडम जवळ आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, आजोबा, तुम्ही ठराव पाळलात, गावापुढं आदर्श ठेवलात.

"म्या कुठला पाळतोय?" सासरे धार न थांबवता म्हणाले. "मला आनलंय."

मग मान वळवून त्यांनी मला हाक मारली. गाडीवाला हाय का गेला, विचारलं. मी म्हटलं, आहे.

"मग जा. खालच्या गल्लीत चार म्हातारे अजून दावणीला बसल्यात माझ्यागत. त्यांच्या म्हशी घिऊन ये," ते म्हणाले. "आनि इचारत बसू नगंस कुनाला."