पाचवी चिठ्ठी

लोक म्हणतात मी संशयी आहे. असेन. दौंडला मालगाडीचा गार्ड म्हणून तीस वर्षं शेवटच्या डब्यात बसून पुढच्या सगळ्या डब्यांवर नजर ठेवली. नोकरी संपली, नजर तशीच राहिली. दूधवाला जरा जास्त हसला तरी मी पातेल्यात वाकून बघतो.

आमचं वाचन मंडळ चौघांचं. इंजिन चालवून निवृत्त झालेला माझा दोस्त, वडगाव रासाईहून मोटारसायकलवर येणारे ऊसवाले आप्पा, शिरूरच्या शाळेतला एक तरुण मास्तर आणि मी. पुस्तक एकच आणायचं आणि आठ-आठ दिवस प्रत्येकाकडं फिरवायचं. वाचताना ज्या पानावर जीव अडखळेल तिथं एक कोरी चिठ्ठी घालायची, नाव लिहायचं नाही. सगळ्यांचं झालं की दोस्ताच्या ओट्यावर जमायचं, चिठ्ठीचं पान मोठ्यानं वाचायचं, त्यावर बोलायचं, आणि मग ज्याची चिठ्ठी त्यानं आपण का थांबलो ते सांगायचं. हा आमचा नियम.

या खेपेला मास्तरनं एक अनुवादित कादंबरी आणली. कुठल्याशा थंड देशातलं बंदर, तिथं एका घरात भाड्यानं राहणारी, परगावाहून आलेली तीन माणसं. एकमेकांचा खोकला भिंतीतून ऐकतात, पण अख्ख्या पुस्तकात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. मास्तर बोलतो कमी, हसतो जास्त. हे रडकं पुस्तक त्यानं आम्हा म्हाताऱ्यांची परीक्षा घ्यायलाच आणलंय, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

खरं सांगायचं तर चोराच्या मनात चांदणं. शंभराव्या पानापुढं मी गेलोच नव्हतो. एकटेपण मला पुस्तकातनं काय शिकवता? रानात सिग्नल मिळत नाही म्हणून दहा-दहा तास त्या डब्यात एकटा बसलोय मी. शेवटच्या दिवशी पेपरची कड फाडून चिठ्ठी केली आणि बरीच मागं, माणसानं सगळं वाचलंय असं वाटावं अशा जागी खुपसली. सवयीनं चिठ्ठ्या मोजल्या. दोस्ताची, आप्पांची, माझी. तीन. मास्तर पुस्तक न्यायला आला तेव्हा मी बाजारात होतो. बायकोनं ते त्याच्या हातात दिलं.

रविवारी जमलो. पहिल्या चिठ्ठीच्या पानात एक म्हातारा रोज स्टेशनवर जाऊन नुसत्या गाड्या बघतो. चिठ्ठी दोस्ताची होती. म्हणाला, "मी बी जातो. घरी सांगतो भाजी आणायला चाललो." आप्पांना मात्र सगळ्या पुस्तकाचाच राग आला होता. "ह्यांच्यात च्या प्यायला कुणी बोलवत न्हाई व्हय? आमच्या वस्तीवर असतं तर तिघांस्नी एका जागी बसवून जेवाय घातलं असतं!" माझी चिठ्ठी आली तेव्हा मी डोळे मिटून "काय सांगायचं…" एवढंच म्हणालो. ते खपून गेलं. मग मास्तरची झाली.

आणि मास्तरनं पुस्तक मिटता मिटता आणखी एक चिठ्ठी बाहेर काढली. चार माणसं, पाच चिठ्ठ्या!

त्यानं पान वाचलं. त्यातली कपडे शिवणारी बाई रोज संध्याकाळी दोन ताटं मांडते. एक स्वतःचं, दुसरं कुणाचं ते पुस्तक सांगत नाही. ती जेवते, दुसरं ताट धुते, पुसून ठेवते.

हे पान मी वाचलेलं नव्हतं, आणि वाचलेलं नसलं की माझा आवाज चढतो. "वेडी आहे झालं," मी म्हणालो. "उगाच ताटं विसळत बसायचं! अशा बाईला कामं नसतात."

"असू द्या की," आप्पा म्हणाले. "मांडतीय तर मांडू द्या."

कुणीच पुढं येईना. मी मास्तरकडं वळलो. "पुस्तक शेवटी तुमच्याकडं होतं. आमच्याकडनं निघालं तेव्हा तीनच होत्या, मी मोजल्यात. आम्ही वाचतो का नाही ते बघायला ही घातलीत ना?"

मास्तरचं हसू गेलं. "काका, मी नाही घातली."

दोस्तानं चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि खो खो हसला. "अहो, ही तर गार्डाच्या वहीची! हे बघा, गाडीच्या वेळा लिहायचे रकाने. दौंडात असली कोरी वही आता तुमच्याच घरी असंल. चिठ्ठी तुमची आन् आळ मास्तरवर?"

मी कागद बघितला. निवृत्त होताना उरलेल्या दोन वह्या घरी आणल्या होत्या. त्यांना मी कधी हात लावला नाही. त्या स्वयंपाकघरात असतात, किराणाची यादी लिहायला.

मालगाडी कधी सुटेल आणि कधी पोचेल, याचा नेम नसायचा. "जेवायला येतो" असं सांगून मी दुसऱ्या दिवशी उगवायचो. ताट झाकलेलं असायचं. मंडळात कुणीतरी विचारलं होतं, वहिनी येतील का? मीच उत्तर दिलं होतं, तिला कुठं वाचायला वेळ!

"व्हय, माझीच," मी म्हणालो. माझी मलाच लाज वाटली.

"मग सांगा, का थांबला?" दोस्तानं विचारलं.

मी उठलो. मास्तरची माफी मागितली आणि पुस्तक मागून घेतलं. त्यानं काही न विचारता दिलं.

घरी ती मेथी निवडत होती. माझ्या हातातलं पुस्तक बघून निवडायची थांबली. "काय म्हणाले लोक त्या बाईला?"

"लोक काही म्हणाले नाहीत. वेडी मी म्हणालो."

तिनं मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुमी वाचलंच न्हवतं. तुमची खुणेला घातलेली काडी शंभराव्या पानापुढं सरकलीच न्हवती. मी रोज दुपारी त्याच्या पुढचं वाचत हुते."

तीस वर्षं नजर ठेवायचं काम माझं होतं, आणि घरात माझ्यावर ठेवलेली नजर मला कळली नव्हती. मी चष्मा लावला, तिच्यासमोर खाली बसलो आणि ते पान मोठ्यानं वाचायला लागलो. दुसरं ताट पुसून ठेवण्यापर्यंत आलो आणि तिथंच थांबलो.

"हां," ती म्हणाली. "मी बी हितंच थांबले हुते."