मावशीचा आवाज

तो माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कौतुक जरा जास्त झालं तर कुणी नाक मुरडायला नको. मी सातवी शिकलेला, तो नववी. पण मशीनच्या पोटात काय दुखतंय ते नुसत्या आवाजावरून सांगणारा असा फिटर मी दुसरा बघितला नाही, आणि मी पुष्कळ बघितलेत.

बाइंडिंगच्या कारखान्यात तो बावीस वर्षं आहे. तिथे वह्या शिवायचं एक जुनं मशीन आहे, आठ सुयांचं. सगळे त्याला मावशी म्हणतात, कारण ते धाकट्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही. सुटे भाग मिळायचे बंद झाले तेव्हापासून तो स्वतःच्या हाताने भाग घडवून तिला चालवत आला. एकच गोष्ट त्याला कधी जमली नाही. डावीकडची तिसरी सुई बाकीच्यांपेक्षा केसभर उशिरा खाली यायची. शिलाईत दिसायचं नाही, पण कानाला टोचायचं. त्याने सगळं खोलून पाहिलं, सगळं बदलून पाहिलं. शेवटी आपल्याच हाताला काहीतरी कमी आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. जेवताना घास हातात तसाच राहायचा. मग भावजय विचारायची, "आली का तिसरी सुई?"

"दादा, कुणीतरी ही बनवली असेलच ना?" तो मला म्हणायचा. "एकदा तो माणूस भेटायला हवा होता." बायकापोरं असलेला माणूस, पण हे म्हणताना त्याचे डोळे कुठेतरी लांब लागलेले असायचे.

या वर्षी मावशीचा कॅम झिजला. कॅम म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली लोखंडी चकती. ती फिरते तशा सुया खालीवर होतात. फुगवटा झिजला आणि दर दहाव्या वहीला दोरा तुटायला लागला. नवीन कॅम कुणीही कापून दिला असता, पण मूळ फुगवटा होता केवढा, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मालक म्हणाले, "शहरात मशीनवाल्यांचं प्रदर्शन लागलंय. उद्या सुट्टी घे, बघून ये. माप मिळालं तर ठीक. नाहीतर परवा दहा वाजता भंगारवाला येतोय."

प्रदर्शन कसं बघायचं ते मी त्याला रात्रीच्या जेवणाआधी नीट समजावलं. मी तीन प्रदर्शनं बघितलीत. म्हटलं, पायात जुने बूट घाल, नवे चावतात. दारातच फुकटच्या पिशव्या घेऊ नकोस, दिवसभर हमाली होते. जे विचारायचंय ते एकच ठरवून जा. आणि टायवाल्याशी बोलू नकोस, ज्याच्या नखात ग्रीस असेल त्याच्याशी बोल. त्याने मान हलवली. मग स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती, हे कबूल करतो. सकाळी जाताना कारखान्यात शिरून मावशीवर मोबाइल ठेवला, तिचा अर्धा मिनिट आवाज भरून घेतला आणि झिजलेला कॅम काढून रुमालात बांधला.

प्रदर्शनात पोचला आणि बावरला. चार मोठे हॉल, दिवे असे की सावली पडेना. मशीनं चकचकीत, काचेच्या आत, आणि सगळी गप्प. तो एकेकापाशी कान लावून उभा राहिला, पण कानाला काही सापडेना. इतक्या मशीनांत त्याला मावशीची आठवण यायला लागली, परगावी आल्यासारखी.

मावशीच्या कंपनीचा स्टॉल तिसऱ्या हॉलमध्ये निघाला. टायवाल्या पोराने झिजलेला कॅम बघितला, तोही रुमालासकट दोन बोटांत धरून.

"काका, हे मॉडेल बंद झालं. आमच्या जन्माआधी."

"माप असेल ना कुठेतरी?"

"वेबसाइटवर बघा ना."

धाकट्याने मोबाइल काढून आवाज लावला. टकटक टकटक, मध्ये ती किंचित अडखळ. दोन पोरं हसली. एक म्हणाला, "रिंगटोन भारी आहे, काका."

तेवढ्यात मागचा पडदा सरकला. हातात चहाचा कप घेतलेला एक म्हातारा बाहेर आला. नखं काळी.

"कुणाकडे चालू आहे ही?"

"आमच्याकडे."

"परत लाव."

तीनदा लावायला लावलं. हा कंपनीचा जुना मिस्त्री, निवृत्त झालेला. प्रदर्शनापुरता मशीन जुळवायला बोलावलेला. कॅम तळहातावर फिरवून म्हणाला, "नकाशे रद्दीत गेले रे. आणि नकाशा असून काय, शेवटचा हात मी कानशीने मारायचो. चालताना बघायला पाहिजे. उघडता कितीला?"

"आठला."

"पत्ता लिहून दे. मी साडेसातला येतो."

धाकटा घरी आला तेव्हा मी विचारलं, "तिसऱ्या सुईचं विचारलंस?"

"नाही."

"अरे, बावीस वर्षं तेच तर..."

"माझीच चूक निघाली तर, दादा?"

मी त्याच्यापुढे जेवणाचं ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मिस्त्री खरंच फाटकात उभा होता. धाकट्याने कॅम परत बसवून मावशी चालू केली. म्हाताऱ्याने डोळे मिटले, तिच्या अंगावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग हसला.

"तिसरी अजून उशिराच येते."

धाकट्याने मशीन बंद केलं. "माझ्याने नाही जमलं."

"कुणाच्यानेच नाही जमलं. आम्ही बनवलेल्या प्रत्येक मशीनची तिसरी उशिरा यायची. साहेबांना कळू दिलं नाही, एवढंच. पुठ्ठा आहे का?"

झिजलेला कॅम पुन्हा काढून पुठ्ठ्यावर ठेवल्यावर म्हाताऱ्याने त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली, आणि जिथे लोखंड उरलं नव्हतं तिथे हवेतून फिरवावी तशी, न थांबता, बाहेर नेली. दहाला भंगारवाल्याच्या टेम्पोने हॉर्न दिला. मालकांनी पुठ्ठा बघितला, म्हाताऱ्याकडे बघितलं आणि टेम्पो रिकामा परत पाठवला.

धाकट्याने कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. भावजयीने सवयीने विचारलं, "आली का तिसरी सुई?"

"नाही आली," तो म्हणाला. "ती यायचीच नव्हती गं."