चौघं लागतीन

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मायजवळ नाही, बायकोजवळ नाही. देवाजवळ बोलायचा प्रश्नच नव्हता — तो त्या दिवशी माळावर असलाच, तर त्यानं सगळं पाहिलंच असेल. तुम्हाला सांगतो. फक्त मधे थांबवू नका. थांबवलंत की मी विषय बदलीन, माझा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे.

कौसल्या माझी धाकटी बहीण. आम्ही देऊळघाटचे. लहानपणी तिला ताप आला, उतरला, आणि उतरल्यावर ती पुन्हा उभी राहिली नाही. कमरेखाली पाय होते, पण नावाचे. ती वाढली माझ्या पाठुंगळीवर. विहिरीवर, देवळात, शेतात — कुठंही जायचं तर माझ्या गळ्यात हात टाकायची आणि कानाशी बडबडत राहायची. मग मी शिकलो, बुलढाण्याच्या कचेरीत कारकून झालो, अंगात कोट आला, डोक्यावर टोपी आली. कोट घातलेला माणूस बहिणीला पाठीवर घेऊन हिंडतो काय? मी घेणं सोडलं. तिनं कधी विचारलं नाही. खरं म्हणजे तिथूनच सांगायला पाहिजे होतं — पण असू द्या.

गावातल्या रहीमचाचा लोहारांनी तिला चाकाची खुर्ची करून दिली. कुण्या साहेबाच्या मोडक्या सायकलीची चाकं, वर सुताराकडून आणलेली लाकडी खुर्ची. कौसा तिला दमणी म्हणायची. गल्लीतल्या पोरांना हाळी द्यायची, "चला बे, माही दमणी जुपा!" आणि पोरं बैलांसारखी माना डोलवत ओढायची. घरी हातानं फिरवायचं शिलाई मशीन होतं. अर्ध्या गावाची पोलकी तिच्या हातची. जीभ अशी तिखट, की उधारी बुडवणारी बाई आमच्या दारावरून जाताना पदर पुढं ओढायची.

एकाच गोष्टीला ती भ्यायची. चुलतबहिणीच्या लग्नात मांडवाच्या वाटेवर नाला होता, खुर्ची जाईना. चार जवान पोरांनी तिला खाटेसकट उचललं. एक म्हातारी ओरडली, "अवो, जित्या माणसाले चौघाईनं उचलू नये!" झालं. पोरंसोरं मागं लागली — मेली रे, कौसी मेली. ती लग्नभर तोंड झाकून बसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "भाऊ, मले चौघं एकदाच उचलतीन. तवा मले समजनार नाई." हे फक्त मला ठाऊक होतं. लक्षात ठेवा — फक्त मला.

त्या हिवाळ्यात एक गोरा साहेब विमान घेऊन आला. गावोगाव जायचा, माळावर उतरायचा, पैसे घेऊन लोकांना वर फिरवून आणायचा. आमच्या गावाजवळचा माळ सपाट केला. इंग्रजी येतं म्हणून दुभाष्या मी. काय तोरा होता माझा तेव्हा! वारा कुठून येतो ते कळायला साहेब बांबूवर कापडाची लांब नळी बांधायचा. ती आमच्या बाभळींत अडकून फाटली. नवी कोण शिवणार? मी कौसाचं नाव सांगितलं. एवढी एक गोष्ट मी चांगली केली.

तिनं ती एका बैठकीत शिवली. वारा भरला की नळी आडवी व्हायची, आणि गाव तिला वाऱ्याची बाही म्हणू लागलं. साहेब खूश होऊन घरी आला, ओसरीवर मांडी घालायची खटपट केली, आणि मजुरी विचारली. कौसा म्हणाली, "पैसे नोको. मले वर ने म्हन त्याले." मी इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला आणि त्यानं हात पुढं केला. तिनं पदराला हात पुसून त्याच्या हातात दिला.

जन्मात तिनं मागितलं ते एवढंच. गावभर सांगत सुटली. कानात वारा जाऊ नये म्हणून उरलेल्या कापडाचं फडकं शिवून ठेवलं, त्याला नाडी लावली. मायला म्हणे, "वरून मी आपलं घर पाह्यते. खालून त सारेच पाह्यतात."

आणि मी? माझं लग्न जमत होतं. जळगाव जामोदचं घर, बागाईत, मोठं खटलं. बहिणीबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं — एक आहे, घरीच असते. खोटं बोललो काय? नाही. खरं बोललो काय? तेही नाही. नेमकं कौसा वर जायची त्याच दिवशी ते लोक विमान बघायला यायचे होते. विमान, आणि मलाही.

माळावर जत्रेसारखी गर्दी. तहसीलदारांच्या शेजारी खुर्च्यांवर जळगावचे पाहुणे. लांब लिंबाखाली माय, आणि दमणीत कौसा, डोक्याला फडकं बांधून तयार. मी साहेबाकडं गेलो. विमानात चढायचं म्हणजे पंखावर पाय ठेवून वरून आत उतरायचं. हिला कसं चढवायचं, विचारलं. साहेब म्हणाला, सोपं आहे, तू पाठीवर घेऊन पंखावर चढ, वरून मी तिचे हात धरतो. तो तिला न्यायला राजी होता. हे नीट ऐका. तो राजी होता.

मी वळलो. विमानापासून लिंबापर्यंत किती अंतर असेल? बिडी पेटवून दोन झुरके घ्यावेत, तेवढं. तेवढ्यात मला दिसलं ते सगळं — कोटावर बहीण, तिचे लोंबते पाय, खुर्चीतून वाकून बघणारा होणारा सासरा, तोंडाला हात लावून हसणारे कचेरीतले लोक. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "साहेब म्हनते, उचलाले चौघं लागतीन."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुह्या पाठीवर नाई जमत?"

"नाई म्हनते."

साहेब नेत नाही, असं मी सांगू शकलो असतो. मग ती साहेबाला चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. ते मी केलं नाही. नकार तिच्याच तोंडून यावा, एवढी अक्कल मला होती. त्या अकलेला आग लागो.

थोडा वेळ ती दमणीच्या चाकावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "राहू दे मंग. तू जाय, भाऊ. जागा वाया काऊन घालाची?" फडक्याची नाडी सोडली, मला खाली वाकायला लावलं, आणि ते माझ्या डोक्याला बांधलं. हातानं कान झाकले आहेत का ते चाचपून पाहिलं.

आणि मी गेलो. हो, गेलो! साहेबानं विचारलं, बहीण कुठं आहे? मी इंग्रजीत सांगितलं, ती घाबरली.

वर काय पाहिलं? काही नाही. चाकं जमिनीवरून सुटली तसे मी डोळे मिटले ते खाली टेकेपर्यंत उघडले नाहीत. पेट्रोलचा वास आणि कानठळ्या. खाली आल्यावर ती विचारू लागली — घर दिसलं काय? मी दिसली काय? मी म्हटलं, हाव, दिसली. दमणीची चाकं उन्हात चमकत होती. ती इतकी खूश झाली की मायला तेच पुन्हा सांगायला लावलं.

लग्न झालं. दमणी काही झाकून राहणार नव्हती. सासऱ्यांनी कौसाला पाहिलं, आणि म्हणाले, "यात लपवाचं काय होतं हो, जावईबापू?" पुढच्या खेपेला कापड घेऊन आले आणि तिच्याकडून दोन बंड्या शिवून नेल्या. एवढंच झालं. त्यांना कशाचंच काही वाटलं नाही.

कौसानं मात्र ती गोष्ट जन्मभर सांगितली. पोलकं शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला. भावानं वरून तिची दमणी कशी पाहिली ते. आणि शेवटी दर वेळी हेच — "साहेबाचा दोष नाई, भावाचा त नाईच नाई. मीच भेली चौघाईले. माह्या नशिबानं आभाय आलं होतं दारात, अन् मीच नाई म्हनलं." मी तिथंच ओसरीवर बसलेलो असायचो. पान लावत. कित्येकदा वाटलं, आता बोलावं. बोललो काय? तुम्हीच समजा.

ती कापूस वेचणीच्या दिवसांत गेली, निजल्या निजल्या. तिच्या पेटीत ते फडकं निघालं, धुऊन घडी घातलेलं. मायनं ते तिच्या डोक्याला बांधलं. रहीमचाचा म्हातारे झाले होते, तरी काठी टेकत मागून आले. आम्ही चौघांनी उचललं. पुढचा उजवा खांदा माझा.

गावाबाहेर आल्यावर मागचा शेजारी म्हणाला, "कितीक हलकी हो, भाऊ. एकट्याच्या पाठीवर गेली असती."

मी "हाव" म्हटलं, आणि चालत राहिलो.