धबधबा : चाळीस मिनिटे

नदीच्या खोऱ्यात फिरायला येणाऱ्यांसाठी अकरा पायवाटा होत्या आणि त्या अकराही सांभाळणारा माणूस एकच होता. कागदोपत्री त्याचा हुद्दा बराच लांबलचक होता. लोक त्याला भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लावून फिरणारे पुष्कळ असतात, पण याला त्याचा पगार मिळे. दगडांवरचे पिवळे बाण पुन्हा रंगवायचे, आडवी झाडं कापून बाजूला सारायची, लाकडी पुलाच्या सैल फळ्या ठोकायच्या, पर्यटकांनी आठवण म्हणून मागे ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी असलेल्या पाटीवरची मिनिटं खरी ठेवायची. हे शेवटचं काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

कारण ती मिनिटं त्याचीच होती. चोवीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांना माहितीपत्रक छापायची घाई झाली आणि त्यांनी या तिशीतल्या माणसाच्या हातात घड्याळ देऊन सांगितलं की, दोन दिवसांत सगळ्या वाटांना लागणारा वेळ मोजून आण. त्याने आणला. काही ठिकाणी तो चालला, बऱ्याच ठिकाणी पळाला. शेवटची वाट धबधब्याची. तिच्या अर्ध्यावर त्याचा खांदा एका पोळ्याला लागला आणि उरलेला चढ त्याने मधमाश्यांच्या सोबतीने पार केला. धबधब्यात डोकं बुडवून झाल्यावर त्याने घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. तक्त्यात मधमाश्यांसाठी रकाना नव्हता. पाटी लागली.

पर्यटक तास-सव्वा तासाने धापा टाकत वर पोचत, घड्याळ बघत, आणि दोष पाटीला न देता स्वतःला देत. नवरे पोट आत घेत. बायका म्हणत, सकाळी चालायला जा म्हणून कधीची सांगतेय. तक्रारवहीत डासांपासून स्वच्छतागृहापर्यंत सगळ्यांविषयी लिहिलेलं सापडे. पण मी हळू चालतो, असं स्वहस्ताक्षरात लिहून द्यायला चोवीस वर्षांत एकही जण धजावला नाही. आणि भिंगरी मात्र, हातात रंगाचा डबा नि पाठीवर करवत घेऊन, आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटांत वर जात राहिला. त्याला वाटायचं आपण चालतोय.

त्याची बायको फाटकाजवळच्या खोलीत हातकाठ्या आणि बूट भाड्याने द्यायची. घरात तिचा नवरा एका जागी कधी सापडत नसे. जेवतानाही त्याचा एक पाय दाराकडे असे. गेल्या दोन वर्षांत मात्र डावा गुडघा बोलू लागला. आधी त्याने कानाडोळा केला. मग चाळीसचे बावन्न झाले, बावन्नचे साठ. घरी आल्यावर बूट काढायच्या आत तो सांगून टाकायचा की आज वाटेत झाड पडलं होतं.

“खोऱ्यात झाडं उरलीत ना अजून?” ती एकदा म्हणाली.

मग एका पाच जणांच्या कुटुंबाने पाटीवर विश्वास ठेवला. ते उन्हं कलल्यावर निघाले, परतले तेव्हा फाटकाला कुलूप होतं, आणि आजोबांसकट सगळे फाटकावरून चढून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तक्रारवहीची दोन पानं भरली. त्यात लाजबीज काही नव्हती.

ती पानं तीन महिन्यांपूर्वी साहेबांच्या खुर्चीत आलेल्या मॅडमनी वाचली. भिंगरीला बोलावून त्यांनी सांगितलं की, एकतर लोक हळू आहेत किंवा पाटी चुकीची आहे. गुरुवारी आपण स्वतः त्याच्याबरोबर धबधब्यापर्यंत चालून बघू. जाता जाता त्यांनी असंही सांगितलं की, तिकीट-खिडकीतले गृहस्थ महिनाअखेर निवृत्त होताहेत, आणि पाय थकलेला एखादा विश्वासू माणूस असेल तर त्याला तिथे बसवायचा विचार आहे. हे बोलताना त्या त्याच्या गुडघ्याकडे पाहत नव्हत्या. त्याला वाटलं, पाहत होत्या.

बाहेर पडून त्याने ती खिडकी पाहून घेतली. एक स्टूल, एक पंखा आणि हात जाईल एवढं भोक. समोर गाड्या उभ्या करायची जागा होती; नदी पाठीमागे राहत होती. आतले गृहस्थ चहाला गेले होते तेवढ्यात त्याने स्टुलावर बसून पाहिलं आणि तो लगेच उठला. परतलेल्या गृहस्थांनी काय हवंय म्हणून विचारलं, तोवर तो बाटल्या गोळा करायला निघाला होता.

सोमवारी तो एकटाच धबधब्यावर जाऊन आला. चढायला चौऱ्याहत्तर मिनिटं. मंगळवारी गुडघ्याला पट्टा बांधला, एकाहत्तर. बुधवारी बायकोने आज पायाला आराम द्या म्हणून बजावलं, तर तो कुणीही न मागितलेला एक बाण रंगवायला गेला, आणि तोच बाण त्याने दोनदा रंगवला. घरी आल्यावर तो दारातून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून दारापर्यंत घालत असलेल्या फेऱ्या बघून तिलाच चक्कर यायला लागली.

“सांगून टाका ना मधमाश्यांचं,” ती म्हणाली.

“चोवीस वर्षांनी?”

“माश्या मेल्या असतील एव्हाना. आता कुणाला घाबरताय?”

पण त्याने एक पळवाट शोधून ठेवली होती. मॅडम खुर्चीतल्या. त्या रखडणार, आणि उशिराचं खापर आपोआप त्यांच्यावर फुटणार. मोठ्याने बोलायचीही गरज पडणार नव्हती.

गुरुवारी मॅडम बऱ्यापैकी चालल्या. दुसऱ्या वळणावर भिंगरीच घामाने निथळत होता. त्या झाडांची नावं विचारत; तो एका शब्दात सांगे, कारण दुसऱ्या शब्दापुरता श्वास नसे. त्या एकदा फोटोसाठी थांबल्या, एकदा बुटाची नाडी बांधायला, आणि दोन्ही वेळा त्याला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला. शेवटच्या चढावर गुडघा लचकला, तेव्हा तो खाली वाकून एका धडधाकट बाणाची तपासणी करत राहिला. वर पोचले तेव्हा अडुसष्ट मिनिटं झाली होती.

मॅडम दगडावर बसल्या. “मी बरोबर नसते तर तुम्ही चाळीस मिनिटांत आला असतात ना?”

त्या टोमणा मारत नव्हत्या. पळवाट त्यांनी स्वतःच ताटात वाढून पुढे केली होती. नुसतं हो म्हटलं की पाटी शाबूत, वाटा शाबूत, आणि स्टूल दुसऱ्या कुणाचं तरी. मग सोमवारी पुन्हा हेच, पुढल्या सोमवारीही. आणि खाली फाटकावर चढणारे कुणाचे तरी आजोबा.

“तुम्ही नसता तर चौऱ्याहत्तर लागली असती,” तो म्हणाला. “आज तुमच्यासाठी जोरात चाललो.”

मग त्याने मधमाश्यांचंही सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फक्त बाकीच्या दहा पाट्यांचं विचारलं. तिथे माश्या नव्हत्या, पण घाई होती, असं त्याने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी लेखी हुकूम आला. अकराही वाटांना लागणारा वेळ पर्यटकांच्या चालीने नव्याने मोजावा. वाटा दुसऱ्या कुणाला ठाऊक नसल्याने मोजणी त्यानेच करावी. ती पुरी होताच त्याने तिकीट-खिडकीचा ताबा घ्यावा. तोवर कारकून तिथे बसेल.

पहिले काही दिवस त्याचे हाल झाले. हळू चालणं म्हणजे स्वतःच्याच मागे रांगेत उभं राहण्यासारखं होतं. शिवाय लोक जिथे थांबतात तिथे थांबायचं. माणूस नदीकडे किती वेळ बघत असेल? त्याने तीन मिनिटं धरली, पण दुसऱ्याच मिनिटाला त्याने दोन बाटल्या उचललेल्या असत, म्हणून ती फेरी बाद. सकाळचा आकडा दुपारी जुळेना. मग म्हाताऱ्यांचा वेळ वेगळा, लेकुरवाळ्यांचा वेगळा.

दोन महिन्यांनी मॅडमनी किती वाटा झाल्या म्हणून विचारलं.

“चार.”

“चारच?”

“घाईत मोजलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंतच, मॅडम.”

त्यांनी बाणांसाठी लागणाऱ्या पिवळ्या रंगाच्या मागणीपत्रावर सही केली. गुडघा सुधारला नाही, बिघडलाही नाही. खिडकीतला कारकून तेवढा कंटाळलाय. भिंगरी जाताना दिसला की तो रोज विचारतो, कितवी चालू आहे. पाचवी, असं भिंगरी न थांबता सांगतो. पाचवी वाट अकरांतली सगळ्यात सोपी, नदीकाठची आणि सपाट. पण तिच्यावर लोक फार रेंगाळतात, आणि तेही मोजावं लागतं.