युलालिया बसवाली आणि टेकडीवरचं विद्यापीठ

रांगेत युलालिया उभी होती ती भावासाठी. धाकटा निकान्द्रो शाळा संपवून वर्षभर गावभर उंडारत होता. म्हणून सकाळची फेरी आटोपल्यावर शाळेची बस डेपोत लावून ती थेट घरी आली, त्याला अंथरुणातून ओढून काढलं, आंघोळीला पिटाळलं आणि कम्युनिटी कॉलेजात नाव घालायला घेऊन आली. रांग सरकत सरकत खिडकीपाशी पोचायला आली तेव्हा निकान्द्रो म्हणाला, "ताई, पाणी पिऊन आलोच." तो गेला तो गेलाच. काचेतून तिला दिसलं, मित्राच्या पिकअपमध्ये उडी मारून स्वारी पसार.

"पुढे या," खिडकीतली बाई म्हणाली. "नाव?"

मागे रांग खोळंबली होती. भाऊ पळाला असं सांगून परत फिरायचं म्हणजे चारचौघांत हसं. शिवाय इतका वेळ उभं राहून पायांचे तुकडे पडले होते, ते काय फुकट?

"युलालिया," ती म्हणाली. "युलालिया सराबिया."

"विषय कोणते घेणार?"

"सकाळची बस सोडून दुपारची धरेपर्यंत जे शिकवत असाल ते."

बाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, तिच्या चकाकत्या पट्ट्यांच्या जाकिटाकडे पाहिलं, आणि वेळापत्रकावर बोट फिरवून तीन विषय दिले. असा युलालियाचा कॉलेजप्रवेश झाला, सदतिसाव्या वर्षी.

वॉटसनव्हिलमध्ये तिला सगळे लाला म्हणत. सकाळच्या धुक्यात स्ट्रॉबेरीच्या शेतांमधून पिवळी बस घेऊन ती वस्त्या-वस्त्यांवर पोरं गोळा करायची. तिची आई ओतिलिया आणि बाप दोघं मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातून सरहद्द ओलांडून इथं फळं तोडायला आले, तेव्हा लाला कडेवर होती. पुढे बाप अचानक गेला आणि लालाची शाळा सुटली. पाठच्या चार भावंडांचे डबे, तापखोकले, शाळेतल्या तक्रारी, सगळं तिने निस्तरलं. लग्न केलं नाही असं नाही. केलं, पण नवऱ्याचा पाय घरात ठरेना, तेव्हा एके दिवशी त्याची बॅग तिने स्वतःच भरून दिली.

कम्युनिटी कॉलेजचं दार कुणालाही उघडं. दोन वर्षं तिथं शिकायचं, मार्क बरे पडले तर उरलेली दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात जाऊन पदवी घ्यायची. निघतात सगळे तिथंच जायला, पोचतात थोडे. बाकीचे नोकरी, पोरंबाळं, आजारपणं यांत मधल्याच कुठल्या तरी थांब्यावर उतरून जातात. आपणही उतरणार, असं लालाने धरूनच ठेवलं होतं.

तिला मिळालेल्या तीन विषयांतला एक होता भाषाशास्त्र. शिकवायला होत्या कितागावा बाई, साठीच्या, याच गावच्या, सफरचंदांच्या बागा असलेल्या जपानी घरातल्या. एके दिवशी बाई सांगत होत्या, की जगातल्या कितीतरी भाषांत आवाज वर नेला की एक अर्थ, खाली आणला की दुसरा. "चिनी ऐकली असेल तुम्ही. आणखी कुठली माहीत आहे कुणाला?"

लालाचा हात कसा वर गेला तिचं तिलाच कळलं नाही.

"आमची," ती म्हणाली आणि लगेच तिचे कान तापले.

आमची म्हणजे मिश्तेक, ओआहाकाच्या डोंगरातल्या मूळ लोकांची भाषा. ओतिलियाच्या शब्दांत 'तुउन सावी', पावसाची वाणी. ही वाणी घराबाहेर काढायची नाही असा ओतिलियाचा दंडक होता. लहानपणी एकदा बाजारात लाला आईशी मिश्तेकमध्ये बोलली, तर मागून मेक्सिकोचेच लोक खिदळले, "ऐका, ओआहाकावाले किरकिरले!" त्या दिवशी घरी येऊन आईने सगळ्या पोरांना ओळीने बसवून सांगितलं होतं, बाहेर स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, हे घरातलं घरात.

"म्हणून दाखवा ना," कितागावा बाई म्हणाल्या.

लालाने एक शब्द म्हटला. "याचा अर्थ डोंगर." मग तोच शब्द पुन्हा म्हटला, शेवटचा सूर फक्त जरा खाली सोडला. "आणि हे झुडूप."

"पुन्हा म्हणा," बाई म्हणाल्या. लालाने पुन्हा म्हटलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मला तर दोन्ही एकच वाटतात." बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि लालाला त्याच्याकडून म्हणून घ्यायला लावलं. तास संपेपर्यंत पोरगा डोंगरावर काही चढला नाही, झुडपातच अडकून राहिला. वर्ग हसत होता, पण हसू त्याच्यावर होतं, लालावर नव्हतं. हे असंही होऊ शकतं, हे तिला नवीनच होतं.

त्या दिवसापासून बसचा आरसा तिला पोरांवर नजर ठेवायला पुरेना; ती कान देऊ लागली. बसमध्ये निम्मी पोरं मिश्तेकच, पण वेगवेगळ्या गावांच्या आईबापांची. गावागणिक बोली निराळी.

"तुमच्या गावचे लोक बोलतात की शिंकतात रे?" यादिरा नावाची एक चुणचुणीत मुलगी शेजारच्या इस्माएलला विचारायची.

"आणि तुमचे? सगळे तोंडात गरम बटाटा धरून बोलतात!"

"गप बसा, नाहीतर दोघांना उतरवीन," लाला ओरडायची आणि पुढच्या चौकात लाल दिवा लागला की हळूच विचारायची, "इस्माएल, तू आत्ता मक्याला काय म्हणालास? पुन्हा म्हण बरं."

तिच्या लक्षात यायला लागलं, की इथं जन्मलेली पोरं भांडता भांडता एकमेकांचे सूर उचलतात. आईबापांच्या कुठल्याच गावात नसलेली एक नवी बोली तिच्या बसमध्ये, खिडक्यांना नाकं लावून बसलेल्या पोरांच्या तोंडी, तयार होत होती. तिने हे कितागावा बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी तिच्याकडून त्यातले दोन-तीन शब्द म्हणून घेतले. मग म्हणाल्या, "लाला, यावर अजून कुणी काम केलेलं मी तरी पाहिलं नाही. इथली दोन वर्षं झाली की तुम्ही ट्रान्सफर घ्यायचं. आणि टेकडीवरच्या विद्यापीठात अर्ज करायचा."

टेकडीवरचं विद्यापीठ दोन तासांच्या अंतरावर. खाजगी, जुनं, दगडी कमानींचं. देशभरातली हुशार पोरं तिथं दारावर डोकं आपटून परत येत. कॉलेजचा सल्लागार भला तरुण होता. त्याने हातचं राखून काही सांगितलं नाही. "सरकारी विद्यापीठात तुम्ही नक्की जाल. तिथं मात्र ट्रान्सफरची मुलं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच घेतात. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे. तुमची कहाणी. वडील गेले, शेतं, भावंडं... अर्जासोबत निबंध द्यायचा असतो, त्यात ती वापरा."

'वापरा' हा शब्द लालाला खटकला, तरी तिने लिहिलं. चांगलं डोळ्यांत पाणी येईल असं लिहिलं. रविवारी ओतिलिया स्वयंपाकघरात भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे तासत बसली होती, तेव्हा निकान्द्रोने तो निबंध तिला मिश्तेकमध्ये सांगत वाचून दाखवला. निकान्द्रो एव्हाना छपरं घालायच्या कामाला लागला होता आणि त्याच्या अंगात थोडी अक्कल आली होती.

ओतिलियाने शेवटपर्यंत ऐकलं. "ही रडकी बाई कोण?"

"मीच की, आई."

"तू? मला वाटलं कुणाच्या मयताला बोलावलंय."

"बाबा गेल्याचं आहे ना त्यात."

"तुझा बाप एका दिवसात मेला," ओतिलिया सुरी खाली ठेवत म्हणाली. "त्याआधी चांगला जगला होता. गावच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचा, पत्त्यांत लबाडी करायचा, लग्नात नाचायला लागला की सगळ्यांत शेवटी थांबायचा. ते कुठंय यात? आणि तू काय जन्मभर रडत रडत बस चालवलीस? कालच तर हसत आली होतीस, त्या दोन पोरांचं भांडण सांगत."

निकान्द्रोने कागद हळूच टेबलावर ठेवला. "ताई, आई म्हणते ते बरोबर आहे. हे वाचून मीच तुला दोन डॉलर देईन, पण प्रवेश नाही देणार."

लालाने तो निबंध फाडला. नव्याची सुरुवात केली ती यादिरा आणि इस्माएलच्या भांडणापासून: शिंका, गरम बटाटा, चौकातला लाल दिवा, आणि बसमध्ये जन्माला येणारी बोली. बाप त्यात आला, पण ट्रम्पेट घेऊन आला.

पोरांची नवी बोली जुनीशी ताडून बघायला आता तिला आईची मदत हवी होती. जुने शब्द, जुने सूर आईकडेच होते. ओतिलिया मात्र दाद देईना. "दंडक मी घातला, मीच मोडू?" शेवटी कितागावा बाईच घरी आल्या, आपल्या झाडांची सफरचंदं घेऊन. ओतिलिया अवघडून बसली. बाईंनी आडपडदा ठेवला नाही.

"माझ्या आईनेही असंच केलं होतं," त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "दुसऱ्या महायुद्धात, जपानशी लढाई चालली होती तेव्हा, इथल्या सरकारने आमच्या लोकांना छावणीत कोंडलं. सुटून आल्यावर आईने घरात जपानी बंद केली. पोरांना कुणी बोट दाखवू नये म्हणून. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण माझी आजी शेवटच्या आजारात दिवसदिवस माझ्याशी बोलायची, माझा हात धरून. मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही."

ओतिलिया उठली. तिने तव्यावर मक्याच्या तोर्तिया टाकल्या, बाईंच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि लेकीला म्हणाली, "विचार काय विचारायचं ते." जेवण संपलं तरी ती बोलतच होती.

मे महिन्यात एका दुपारी लाला शाळेबाहेर बस लावून घंटा व्हायची वाट पाहत होती. फोन वाजला: विद्यापीठाचा निर्णय लागला आहे. तिने पान उघडलं. पहिलं वाक्य वाचलं, मग परत वाचलं, मग उजेडात धरून वाचलं. प्रवेश मिळाला होता. फीचा बहुतेक भारही विद्यापीठच उचलणार होतं.

घंटा झाली, पोरं चढली, दार लागलं, तरी बस हलेना. रेडिओवर डेपोतून आवाज आला, "लाला, काय झालं? गाडी बंद पडली का?"

तिने बटण दाबलं. हा रेडिओ सगळ्या बसमध्ये वाजतो हे त्या क्षणी तिच्या ध्यानात नव्हतं. "गाडी ठीक आहे. मी... मला टेकडीवरच्या विद्यापीठात घेतलं."

मग शाळेच्या पलीकडच्या फाटकातून एक भोंगा वाजला. मागून दुसरा. मग हमरस्त्यावर कुठंतरी तिसरा. गावभरच्या पिवळ्या बसेस बोंब मारत सुटल्या आणि लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले, की आग लागली की काय.

"मिस लाला," यादिराने मागून विचारलं, "मग आमची बस कोण चालवणार?"

"मिळेल गं कुणीतरी. तुमची भांडणं सोडवणारा मात्र मिळायचा नाही."

घरी निकान्द्रोने तिला उचलून गरगर फिरवलं. "आभार मान माझे! मी पळालो नसतो तर तू आत गेली असतीस का?"

"खाली ठेव आधी, मग मानते."

ओतिलिया दोन दिवस फुरंगटून बसली. लेक एवढ्या लांब, परक्यांत, या वयात. तिसऱ्या दिवशी निकान्द्रो म्हणाला, "आईकडे मी बघीन." तेव्हा ती फणकारली, "तू? मीच तुझ्याकडे बघते अजून!" आणि उठून लेकीच्या सामानात सुक्या मिरच्यांची पुरचुंडी कोंबायला लागली. तिथंच कळलं, की तिने हो म्हटलंय.

टेकडीवरचे पहिले महिने सोपे गेले नाहीत. राहायला गेली त्या दिवशी एका मुलीने तिला अदबीने विचारलं, "काकू, तुमची मुलगी कुठल्या खोलीत आहे?" पहिल्याच पेपरला इतके कमी गुण पडले, की घरी परत जायचं म्हणून ती गाडीत बसून किल्ली हातात घेऊन राहिली. पण किल्ली फिरवली नाही. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या दारात उभी राहून म्हणाली, "कुठं चुकलं ते दाखवा." पुढच्या आठवड्यातही उभी राहिली, त्याच्या पुढच्याही. वर्षअखेरीस त्याच विषयात ती वर्गात पहिली आली.

दुसऱ्या वर्षी डॉक्टर फेनेल नावाच्या प्राध्यापकांनी तिला बोलावलं. त्यांच्या वर्गात दर वर्षी, फारसा अभ्यास न झालेली एखादी भाषा बोलणारा माणूस पुढच्या खुर्चीवर येऊन बसे, आणि मुलं त्याला विचारून विचारून त्या भाषेचं व्याकरण शून्यातून उभं करत. "यंदा मिश्तेक घेऊ म्हणतो. तुम्ही याल त्या खुर्चीवर?"

"नाही, सर. मला समोर मुलांबरोबर बसायचंय. मी शिकायला आलेय." लाला हसली. "त्या खुर्चीवर बसणारी बाई मी आणून देते."

निकान्द्रोने सुट्टी टाकून आईला गाडीने आणलं. ओतिलियाने ठेवणीतला भरतकामाचा झगा घातला होता, वेणीत रिबिनी गुंफल्या होत्या. वर्गात शिरताना तिने लेकीचं मनगट घट्ट पकडलं होतं. मुलं उठून उभी राहिली. डॉक्टर फेनेलनी खुर्ची ओढून दिली, आणि एका उंच, लाजऱ्या मुलाने पहिला प्रश्न विचारला: 'पाणी' कसं म्हणायचं?

ओतिलियाने पुटपुटून सांगितलं. मुलाने तसंच म्हणायचा प्रयत्न केला. ओतिलियाचे डोळे विस्फारले, मग ती खो खो हसत सुटली.

"काय म्हणालो मी?" मुलगा घाबरून गेला.

"काहीच नाही, बाळा," ओतिलिया डोळे पुसत मिश्तेकमध्ये म्हणाली, लाला तिचं बोलणं सगळ्यांना इंग्रजीत सांगत होती. "कुठल्याच गावात काहीच नाही. पुन्हा म्हण. तोंड उघड जरा, घरी तुला कुणी जेवायला देतं की नाही?"

मग ती थांबेच ना. आवाज चढला, हात चालायला लागले. एकेका मुलाला उभं करून तिने म्हणायला लावलं, चुकलं तर परत, जमलं तर "शाब्बास रे माझ्या राजा". लाला दुसऱ्या रांगेत बसून भराभरा लिहीत होती, तेव्हा शेजारच्या मुलीने वाकून विचारलं, "तुझी आई नेहमी अशीच असते?"

"घरात," लाला म्हणाली. "घराबाहेर आजच पहिल्यांदा."

तास संपला तरी मुलं ओतिलियाला सोडेनात. शेवटी ती बाहेर येऊन कमानीखालच्या बाकावर टेकली आणि लगेच फोन काढून ओआहाकाच्या बहिणीशी बोलायला लागली. इतक्या मोकळ्या गळ्याने, पावसाच्या वाणीत, की अंगणातली माणसं वळून बघत होती. ओतिलियाने त्यांना हात हलवला आणि बोलणं चालू ठेवलं.

लालाचा पुढचा तास समोरच्या इमारतीत होता. तिने पिशवी खांद्याला लावली.

"आई, जाते मी. तास आहे."

ओतिलियाने फोनवर हात ठेवला. "मग जा की! उभी काय राहिलीस? उशिरा जाणाऱ्या पोरांना कोण शिकवणार?"

लाला पायऱ्या चढून पळत सुटली.