आवाज न ऐकता केलेली खूण

रविवार, ८ मार्च १९६४. सकाळी साडेपाच.

हजर – विभागीय इंजिनीअर साहेब. निरीक्षक घाटे. पूर्वेकडच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या सहा ऑपरेटर, त्यांच्या प्रमुख कमलताई बोकडे. पश्चिमेकडच्या एक्स्चेंजच्या पाच, त्यांची प्रमुख मी. वायरमन तिघे, त्यांतला सगळ्यांत नवा देवराव रामटेके. एक फोटोग्राफर. गैरहजर कुणी नाही.

ही नोंद माझ्या हातची आहे. किती वाजता काय झालं, कुणी काय केलं, ते सगळं तिच्यात आहे. एक गोष्ट सोडून. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही – वडिलांना नाही, लग्नानंतर यांना नाही, मुलीलाही नाही. आता लिहायला बसले, आणि पहिलं काय केलं असेल? उठून दाराला कडी लावून आले. घरात मी एकटीच आहे. तरी लावली.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. (की मी नुसता वेळ काढते आहे? तेही असेल.)

आमच्या भागात तेव्हा दोन एक्स्चेंज होती, दोन्ही हाताने चालवायची. गिऱ्हाइकाने रिसीव्हर उचलला की आम्ही ‘नंबर?’ विचारायचो आणि दोरी खोचून जोडून द्यायचो. आता ही दोन्ही बंद होऊन एकच नवं आपोआप चालणारं यंत्र येणार होतं. गिऱ्हाइकाने डायल फिरवायची, आमची गरज नाही. दोन्हीकडे तीन आकडी नंबर होते, आणि तेच तेच – १२४ इकडेही, १२४ तिकडेही. म्हणून सगळ्यांना नवे नंबर द्यायचे आणि दोन याद्यांची एक यादी करायची. ती यादी माझ्याकडे होती. चार महिने मी दुसरं काही केलं नाही.

लोक आपल्या नंबरासाठी भांडायला यायचे. एक कापडवाला बायकोला घेऊन आला आणि टेबलावर हात आपटून म्हणाला, “बाई, बायको बदला म्हणाल तर बदलतो, नंबर नाही बदलू देणार! बर्डीची सारी बाजारपेठ मले त्याच नंबरानं ओळखते.” बायको शांतपणे म्हणाली, “बदला वं बाई, दोन्ही बदला. मले काई हरकत नाही.” आम्ही दिवसभर हसलो. त्या चार महिन्यांतलं तेवढंच हसणं मला आठवतं.

बाकी सगळी भीती. अकरा जणींचं काम नव्या ठिकाणी चौघींत होणार होतं, आणि त्यांची प्रमुख एकच – कमलताई किंवा मी. उरलेल्यांच्या बदल्या – गोंदिया, चांदा, दूर कुठेही. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झालेला. त्यांना उचलून बसवणारी, भरवणारी मी एकटी. मी सव्वीस वर्षांची होते आणि रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार एकच – चांदा.

ठीक सहाला शिटी झाली. नव्या यंत्राच्या एकेका भागात लाकडी पट्ट्या खोचून त्याला गप्प ठेवलेलं होतं, पट्ट्यांना सुतळी बांधलेली. सगळ्यांनी सुतळ्या ओढल्या. पट्ट्या फरशीवर पडल्या आणि त्या खोलीत एकदम टिकटिक सुरू झाली, हजार उंदीर सुटावेत तशी. कमलताईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. माझाही असणार.

मग तपासणी. प्रत्येकीला गिऱ्हाइकांची एक यादी. एकेकाला फोन लावायचा, नाव विचारायचं, नवा नंबर सांगायचा आणि पुढे खूण करून वेळ लिहायची. साहेबांचा नियम साधा होता – माणसाचा आवाज ऐकला तरच खूण. तीनदा लावूनही कुणी उचललं नाही तर ‘उत्तर नाही’ लिहायचं, आणि तो नंबर वायरमनकडे द्यायचा. तो मागच्या खोलीत जाऊन पाहील. तिथे भिंतभर लोखंडी चौकट होती. एका बाजूला घराघरांतून आलेल्या तारा, दुसऱ्या बाजूला नवे नंबर, आणि मधली एकेक तार वायरमनने हाताने जोडलेली. शेकडो खिळे, सगळे एकसारखे. एखादी तार शेजारच्या रिकाम्या खिळ्यावर जाणारच. ते सगळ्यांना माहीत होतं. तपासणी ठेवली होती ती त्यासाठीच.

आणखी एक गोष्ट. शिकवणीत घाट्यांनी बजावलं होतं – फोन लावल्यावर आपल्या कानात जी घंटी ऐकू येते ती इथे, यंत्रातच तयार होते. पलीकडे फोन वाजतो आहे, असा तिचा अर्थ घ्यायचा नाही. हे मी लाल शाईने लिहून घेतलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

माझे सगळे नंबर झाले. एक राहिला. इतवारीतल्या एका डॉक्टरीणबाईंचं बाळंतपणाचं छोटं इस्पितळ. एकदा लावला – घंटी. दुसऱ्यांदा – घंटी. तिसऱ्यांदा मोजून पंचवीस वेळा वाजू दिली.

शेजारच्या टेबलावर कमलताईंनी पेन्सिल खाली ठेवली. “झाली वं माही यादी. एक डाग नाही. तुही?”

साहेब याद्या गोळा करायला निघाले होते; प्रमुख कोण, ते त्या पाहूनच ठरणार होतं. फोटोग्राफर तिपाई लावत होता. मी काय विचार केला? रविवार आहे, बाई देवळात गेल्या असतील. घंटी तर वाजते आहे. आणि – हे खरं – ‘उत्तर नाही’ हे शब्द माझ्या यादीत असतील आणि कमलताईंच्या यादीत नसतील.

मी खूण केली. पुढे लिहिलं – ‘८.१०. बोलणे झाले.’

तेवढ्यात रामटेके आला. कानावर स्क्रू-ड्रायव्हर अडकवलेला, हातावर काळे डाग. “बाई, काई राह्यलं काय? मी रिकामाच हाओ. साहेबाच्या फोटोत आमचं काय काम? सांगा, आत्ता पाहून येतो.”

“काही नाही,” मी म्हटलं. “सगळे झाले.”

“मंग पहिला नंबर तुमचाच,” तो हसून म्हणाला आणि गेला.

पाच मिनिटांचं काम होतं. तो जाऊन पाहणार, तार एका खिळ्यावरून शेजारच्या खिळ्यावर घेणार, संपलं. तो स्वतः विचारायला आला होता. हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल? तो स्वतः विचारायला आला होता.

मंगळवारी सावनेरचे एक शाळामास्तर अर्ज घेऊन आले. त्यांच्या बायकोचे दिवस भरले होते. नाव या डॉक्टरीणबाईंकडे घातलेलं. रविवारी दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी पोस्टातून ट्रंक कॉल लावला – बाई आहेत ना, एवढं विचारून जीपगाडी काढायची. दोनदा लावला. दोन्ही वेळा घंटी वाजली, कुणी उचललं नाही. बाई गावाला गेल्या असतील असं समजून त्यांनी सावनेरलाच सुईण बोलावली. बाळ गेलं. बायको वाचली. डॉक्टरीणबाई मात्र रविवारी दिवसभर इस्पितळातच होत्या, फोनपासून चार पावलांवर. फोन वाजलाच नव्हता. मास्तर ओरडले नाहीत, रडले नाहीत. त्यांच्या शर्टाची बटणं एकेक घर चुकून लावलेली होती. मी तेवढंच पाहत उभी होते.

चौकट तपासून पाहिली. त्या नंबरची तार रिकाम्या खिळ्यावर होती.

आता नीट ऐका, कारण माझं पाप इथे आहे. तार आधीपासूनच चुकीची लागलेली होती असं ठरलं असतं, तर ती शेकड्यांतली एक साधी चूक. कुणाची नोकरी गेली नसती. पण माझी यादी सांगत होती की ८.१० ला त्या फोनवर बोलणं झालं. म्हणजे तोवर तार बरोबर होती. म्हणजे ती नंतर कुणीतरी काढून दुसरीकडे लावली. आणि नंतर, आम्ही सगळे फोटोला उभे असताना आणि बाकीचे दोघे वायरमन चहाला गेलेले असताना, चौकटीजवळ एकटा कोण होता? रामटेके.

गुरुवारी चौकशी झाली. घाट्यांनी माझी यादी पुढे सरकवली. “ही खूण तुमचीच?”

“हो.”

“आवाज ऐकला?”

“हो.”

“कुणाचा?”

हे विचारतील असं मला वाटलं नव्हतं. आणि मी, शांतपणे, एक आवाज तयार केला. “बाईचा. वयस्क. नर्स असावी. घाईत होती.”

इतकं सविस्तर खोटं मी आयुष्यात त्याआधी बोलले नव्हते. त्या इस्पितळात खरोखरच एक वयस्क नर्स होती. तिला बोलावलं. ती आधी ठाम म्हणाली, फोन आला नाही. घाट्यांनी माझी यादी तिच्यासमोर धरली, वेळ वाचून दाखवली. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग खाली पाहत म्हणाली, “आला असंल बापा. कामात याद राहत नाही.”

रामटेके एवढंच म्हणत राहिला, “मी हात लावला नाही साहेब.” कुणीतरी हळूच ‘हे लोक’ म्हणालं. तो बौद्ध होता, त्याच्या घरातला पहिला सरकारी नोकर. त्याचा शब्द एकीकडे आणि माझा कागद दुसरीकडे. त्या खोलीत कशाचं वजन जास्त होतं, ते मला त्याचं बोलणं संपायच्या आधीपासून माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. नोकरीत तो अजून कायम झालेला नव्हता. आठवड्यात त्याला काढून टाकलं.

जायच्या दिवशी तो सायकल स्टँडवर माझी वाट पाहत उभा होता. त्याला कळलं आहे, आता तो सगळ्यांसमोर बोलणार, असं वाटलं. बोलला असता तर!

“बाई,” तो म्हणाला, “तुमचा कागद चुकत नाही, हे मले माहीत हाय. म्हणून मीच इचार करून राह्यलो चार दिवस. माहा हात केव्हा लागला असंल तिथं? मले काऊन याद येत नाही?”

तो मला विचारत होता. मी काय उत्तर दिलं ते सांगते. मी म्हटलं, “होतं असं कधी कधी.” आणि सायकलचं कुलूप काढलं.

कमलताई चांद्याला गेल्या. प्रमुख मी झाले. वडील आणखी नऊ वर्षं जगले, माझ्या हातून जेवले. त्या नऊ वर्षांत टेबलावरचा फोन वाजला की मी शेजारच्या मुलीला उचलायला सांगायचे. आणि मी लावलेला फोन कुणी उचलला नाही, नुसती घंटी वाजत राहिली, की मला रिसीव्हर धरवत नसे. घाटे निवृत्त झाले तेव्हा बरं वाटलं. साहेब वारल्याचं कळलं तेव्हाही – हे लिहायला नको होतं – बरं वाटलं. एकेक माणूस कमी होत होता. मी मोजत होते.

रामटेके पुन्हा एकदाच भेटला. कोराडीला वीजकेंद्र उभं राहत होतं, यांचे भाऊ तिथल्या कॉलनीत राहायचे. आम्ही परतीच्या बसची वाट पाहत होतो आणि तो ट्रकमधून उतरला, अंगभर सिमेंटची धूळ. त्याने ओळखलं. “नमस्कार बाई. बरं हाय ना?” त्या दिवसांत कोराडीला तारेचं काम येणाऱ्या माणसाला कुणीही उचलून घेत होतं. मी ते बोलूनही गेले. कशाला बोलले?

“ते सोडलं बाई,” तो म्हणाला. “घरचा बल्ब गेला तरी शेजाऱ्याले हाक मारतो. हाताचा भरोसा नाही राह्यला.” आणि हसला, अगदी बिनतक्रार. “बायको म्हणते, अंधारात बस, पण त्या खटक्याले हात लावू नको गा.”

यांनी बसमध्ये विचारलं, कोण होता? मी म्हटलं, ऑफिसातला कुणी.

आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. घरातली कामं, ऑफिसातली कामं, मुलीचं शिक्षण – सगळं वेळेवर होतं, लोक कौतुक करतात. रामटेकेचं घर मी विचारून ठेवलं आहे. इंदोऱ्यात, विहाराच्या मागच्या गल्लीत, तिसरं दार. तो आहे. गेल्या महिन्यात एकाने सांगितलं, तब्येत बरी नसते.

काल रविवार होता. जायचं ठरवून निघाले, स्टॉपवर उभी राहिले. बस आली. कंडक्टरने विचारलं, “येता काय बाई?” मी मान हलवली – नाही.

सांगायचं आहे ते चार वाक्यांत मावतं. रामटेके, तुमचा हात नंतर तिथे लागला नव्हता. तार पहिल्यापासूनच चुकलेली होती. मी कुणाचाही आवाज ऐकला नव्हता. तुम्ही विचारायला आलात तेव्हाही मला ते माहीत होतं.

आज सोमवार आहे. त्याला अजून सांगायचं आहे.