मास्तरची रिकामी रांग

माझा धाकटा भाऊ फादर झाला तेव्हा सगळ्या घराला आनंद झाला. मला मात्र पापी लोकांची काळजी वाटली. लहानपणी तो आजोबांची प्रार्थना मध्येच थांबवून त्यांचे उच्चार सुधारायचा. आजोबा कौतुकाने त्याला 'मास्तर' म्हणायचे. त्या कौतुकानेच त्याचं वाटोळं केलं.

पहिल्या नेमणुकीत त्याला वरिष्ठ म्हणून एक म्हातारे, निम्मेअधिक बहिरे फादर मिळाले. शनिवारी दोघे चर्चच्या दोन बाजूंना, लोकांची पापं जाळीआडून ऐकायला, कबुलीच्या लाकडी खोक्यांत बसत. सुरुवातीला लोक हौसेने नव्या फादरकडे गेले आणि कान उपटून घेऊन परत आले. खानावळवाली जो भेटेल त्याला सांगत सुटली, "मी म्हटलं, फादर, मला राग येतो. तर म्हणे, राग ही भावना झाली, पाप कुठलं ते सांगा. किती वेळा? मुद्दाम की ओघात? अहो, मी काय परीक्षेला बसले होते?" शिंप्याला त्याने पापं नीट क्रमाने लावून परत यायला सांगितलं. शिंपी परत आला, पण बहिऱ्या फादरांच्या रांगेत. त्यांना ऐकू येवो न येवो, समोरचा गप्प झाला की ते जाळीशी वाकून म्हणायचे, "बरं झालं आलास." बघता बघता ती रांग दाराबाहेर गेली आणि आमचे विद्वान माश्या मारत बसले.

आईला ते बघवेना. पोराच्या खोक्यापुढे कुत्रं फिरकत नाही, चारचौघांत शोभा होते, म्हणून ती दर शनिवारी एकटीच तिथे गुडघे टेकायला लागली. पण पापं आणायची कुठून? राबून राबून त्या बाईला पाप करायला सवड नव्हती. मग भांडी घासता घासता ती रचायची.

"शेजारणीची साखर न विचारता घेतली, हे चालेल का गं?"

"आई, साखर तर तीच आपल्याकडून नेते."

"मग उलटं करून सांगते."

ती आवाज बारीक करून सांगायची. एका शनिवारी त्याने पकडलंच. "बाई, मागच्या खेपेला एक वाटी होती, आज दोन कशा? कबुलीत खोटं बोलता?" मागच्या बाकांवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि माफी न देताच त्याने तिला उठवलं. आईला बाई! ओळखलं नव्हतं की ओळखून म्हणाला, मला दोन्हीची सारखीच चीड आहे.

रिकाम्या रांगेची गोष्ट बिशपांपर्यंत गेली. ज्याच्याकडे कबुलीला कुणी जात नाही, त्याला त्यांनी कबुली कशी ऐकावी हे शिकवायला सेमिनरीत, म्हणजे फादर घडवतात त्या शाळेत, पाठवलं. विद्यार्थ्यांना उठून जाता येत नाही, त्यामुळे मास्तर तिथे फुलला. वर्गात तो स्वतः पापी व्हायचा आणि विद्यार्थ्याला फादर करायचा. एकदा घरच्यांना वर्ग बघायला बोलावलं होतं. त्याने डोक्याला रुमाल बांधला, आवाज बारीक केला, "फादर, मी शेजारणीची साखर घेतली..." पोरं हसून लोळली. कबुलीतलं बाहेर काढायचं नाही, हा पहिला धडा हाच शिकवतो! मला त्याला तिथेच झोडपावंसं वाटलं. आईही हसत होती. "शिकवायला तरी उपयोगी पडलं," ती म्हणाली, आणि घरी येताच भांडी घासायला बसली.

पुढे आईने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी मास्तरला बोलावून घेतलं. काही झालं तरी पोटचा पोरगा.

"बरं झालं आलास," आई त्याला म्हणाली.

त्याने कबुली ऐकताना घालायचा कापडी पट्टा गळ्यात घातला, खुर्ची खाटेजवळ ओढली. "बोल आई."

आई माझ्याकडे वळली. "बहिऱ्या फादरांना बोलाव गं."

"अगं, हा आहे ना तुझा!"

"त्याच्यासाठी रचावं लागतं. आता तेवढं त्राण नाही."

मास्तर उठला. फादरांना आणायला तोच गेला.